अर्धवट रेंगी विकणे आहे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर मीच बोललोय असं वाटलं नसतं.

आजचा विषय घरातूनच आलाय. दवनीवाड्याला आमच्या कोठ्यात एक रेंगी उभी आहे. मोठे बाबांनी चार वर्षांपूर्वी तिची दुरुस्ती काढली. काम निम्म्यावर आलं आणि थांबलं. आता ती विकायची ठरली आहे. विकायची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला किमतीचा, आणि तो वाटला तेवढा सोपा निघाला नाही. चालती गाडी असेल तर भाव ठरतो. मोडकी असेल तर वजनावर ठरतो, लाकूड किती, लोखंड किती. पण निम्मी जुनी, निम्मी नवी, चालत नाही पण चालू शकेल, अशा गाडीचं काय करायचं? हे शोधता शोधता मी इतिहासात गेलो, म्हणून हा भाग.

आधी रेंगी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईचे श्रोते ‘बैलगाडी’ या एका शब्दात सगळं बसवतात. आमच्याकडे तसं नसतं. धान, तणीस, शेणखत वाहायची ती बंडी. शर्यतीची, अंगाने बारीक, तो छकडा. आणि माणसांनी बसून गावाला जायची, हलकी, वरती टप असलेली, ती रेंगी. वऱ्हाडात तिच्याच जवळची गाडी दमणी म्हणून ओळखतात. खाली तणीस, वर सतरंजी, बाजूला बांबूचा तट्टा, पुढे धुरकरी. पावसाळा सोडला तर या गाडीत लोक लग्नाला जायचे, मंडईला जायचे, बाळंतिणीला माहेरी आणायचे. मुक्काम पडला तर बैल सोडून तिच्यातच झोपायचे. थोडक्यात, झोपायची सोय असलेली, ओढून न्यायची प्रवासी गाडी. अमेरिकेत याच गोष्टीला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात आणि तिच्या जुन्या मॉडेलांवर लोक जीव टाकतात.

ही तुलना मी उगाच करत नाहीये. इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरने ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. दोन घोडे ओढायचे, आत महोगनी लाकूड. केवळ मजेने फिरण्यासाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून ती ओळखली जाते आणि आजही जपून ठेवलेली आहे. तिच्या आधीपासून आणि नंतरही आपल्याकडे हजारो लोक टपाच्या गाडीत झोपून प्रवास करत होते, पण ती ‘मजा’ नव्हती, त्यामुळे तिची नोंद कोणी ‘पहिली’ म्हणून केली नाही. पुढे अमेरिकेत वॉली बायमने १९३६ साली अ‍ॅल्युमिनियमचा एअरस्ट्रीम क्लिपर आणला, किंमत १२०० डॉलर. आज तिकडे असे जुने ट्रेलर घेऊन लोक ते पूर्ण उघडतात, मागच्या बाजूची फरशी कुजलेली निघते, पैसे संपतात, आणि मग ‘प्रोजेक्ट विकणे आहे’ अशी जाहिरात येते. मोठे बाबांचं अगदी हेच झालंय. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या जागी सागवान आहे.

आता आमच्या भागाचा इतिहास. आपल्या डोक्यात एक सरळ रेघ असते: आधी बैलगाडी, मग रेल्वे, मग मोटार, आणि प्रत्येक नव्या गोष्टीने जुनीला संपवलं. गोंदियात असं झालेलं दिसत नाही. १८८० च्या दशकात नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज रेल्वे सुरू झाली. नंतर बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फुटी नॅरोगेज गेली, मग दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे दुसरी. गोंदिया जंक्शन झालं. पण जंक्शनला पोचायचं कशाने? स्टेशनपासून पाच-दहा कोसांवरच्या गावांना रेल्वेचा उपयोग तेव्हाच, जेव्हा गावातून स्टेशनपर्यंत काहीतरी चालेल. ते ‘काहीतरी’ म्हणजे मालाला बंडी आणि माणसाला रेंगी. म्हणजे बघा, रेल्वे आल्याने लांबच्या पल्ल्याचे गाडीवान गेले, पण जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांना उलट काम मिळालं. आजीच्या तोंडी अजूनही ‘रेंगी टेसनावर गेली’ असं येतं. रेंगी रेल्वेच्या काळातलीच गाडी आहे, आजच्या मेट्रो स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखी.

तिला संपवलं रस्त्याने. महाराष्ट्रातली पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला, पण तेव्हा आपण मुंबई राज्यात नव्हतोच, मध्य प्रांतात होतो. १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. बस गावोगाव पोचायला त्यानंतरही वेळ लागला. बस आली तशी माणसं रेंगीतून उतरली. मालाच्या बंडीला पुढे रबरी टायर लागले, ज्याला सगळे डनलपच म्हणायचे, आणि तिचं आयुष्य वाढलं. रेंगीला टायर लावायचं मात्र फारसं कोणाला सुचलं नाही, कारण तिचं कामच गेलं होतं. ती कोठ्यात गेली. आमची पण.

हिशोब बघा. ज्या नॅरोगेज गाड्यांना प्रवासी आणून देण्याचं काम रेंगी करायची, त्यांची इंजिनं आणि डबे आज नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात आहेत, २००२ पासून. लोक तिकीट काढून बघतात. कोल्हापूरला न्यू पॅलेसमध्ये राजघराण्याच्या बग्ग्या आहेत. साध्या माणसाच्या प्रवासी गाडीसाठी असं हक्काचं दालन मला कुठे दिसलं नाही. दोष कोणाचा म्हणून मी हे सांगत नाहीये. लाकूड राहत नाही, हेही खरं. दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ सापडला, पुढे दोन बैल जुंपलेले, उभा राहून हाकणारा माणूस. काही हजार वर्षं टिकला, कारण धातूचा होता. त्या काळी गावात खऱ्या लाकडी गाड्या चालत असतील, त्यातल्या एकीचाही आरा हाती लागलेला नाही.

आता चाकाकडे येतो. हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे थोडा रेंगाळणार आहे. (शब्दावर कोटी ठरवून केलेली नाही.)

लाकडी चाकात मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले कमानीसारखे तुकडे, आणि सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. वेगवेगळ्या भागाला वेगळं लाकूड. आमच्या जंगलात धावडा आणि तिवस होते, म्हणून इथल्या गाड्या मजबूत. धावडा चिवट, तो आखाला आणि दांडीला. तिवस चाकाला. बाभूळही चाकाला चालते. साटा सागवानाचा, कारण साग हलका आणि वाळवी त्याच्या वाटेला कमी जाते. इंजिनीयरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला मटेरियल सिलेक्शन नावाचा धडा होता. तो मला पंचवीस मार्कांपुरता कळला होता. गावातल्या सुताराला तो न शिकता कळलेला असायचा, आणि तो चुकला तर लोक रस्त्यात पडायचे.

धाव चढवणं म्हणजे तर पूर्ण कार्यक्रम. लोखंडी कडं चाकापेक्षा जरा लहान बनवायचं. जमिनीवर गोवऱ्यांचं गोल रचून त्यात ते लाल होईपर्यंत तापवायचं. मग चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायचं, घण मारायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं, आरे तुंब्यात घट्ट बसतात, चाक कुरकुरतं. मी हिशोब केला. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साधारण १५० इंच. लोखंड दर अंशाला लांबीच्या दहा लाखात बारा भाग वाढतं. ६०० अंशांनी तापवलं तर वाढ होते जवळपास एक इंच. म्हणजे लोहाराच्या हातात जेमतेम एवढीच जागा. कडं त्याहून लहान झालं तर चढणारच नाही. सैल झालं तर उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव निसटेल. उन्हाळ्यात तसंही व्हायचंच, तेव्हा चाकं काढून बोडीत भिजत घालायची. लाकूड फुगतं, धाव पुन्हा आवळते.

यातून एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते या सगळ्या विक्रीचा प्रश्न तिथेच सुटतो. रेंगी ‘पूर्ण’ कधीच नसायची. दर वर्षी काहीतरी बदलायचं: यंदा दोन आरे, पुढल्या वर्षी धाव, मग टपाचा बांबू. त्यासाठी गावात सुतार आणि लोहार असायचे. विदर्भात लाकूड-लोखंड दोन्ही करणाऱ्याला खातीही म्हणतात. त्यांना दर कामाचे पैसे नसायचे, सुगीला खळ्यावरून धान मिळायचं. आजच्या भाषेत वार्षिक मेंटेनन्स करार. त्यामुळे गाडी नेहमीच अर्धी जुनी, अर्धी नवी असायची, आणि तिला कोणी अर्धवट म्हणायचं नाही. गाडीला अर्धवटपणा आला तो हे लोक गेल्यावर. लाकूड अजून मिळतं. धाव चढवणारा मिळत नाही.

मोठे बाबांचं काम नेमकं तिथेच अडलं. साट्याच्या फळ्या त्यांनी बदलल्या, जू नवीन केलं, एका चाकाचे आरे भरून घेतले. दुसऱ्या चाकाची धाव ढिली आहे आणि ते काम करणारे जे म्हातारे कारागीर होते, त्यांनी गुडघ्यांमुळे घण सोडला. एका वेल्डिंगवाल्याने सुचवलं की कडं कापून, आवळून, वेल्ड मारून देतो. मोठे बाबा नाही म्हणाले. मला ते तेव्हा हट्टी वाटले होते. वेल्ड केलेलं कडं बसतं, पण दाब सगळीकडे सारखा येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. टपाचा सांगाडा झालाय, तट्टा बाकी आहे. मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कोठ्याची जागा ट्रॅक्टरला लागली, आणि विषय विक्रीवर आला.

गिऱ्हाईकं तीन आली.

पहिला, एका रिसॉर्टसाठी सामान गोळा करणारा. त्याला फक्त चाकं हवी होती, भिंतीला टेकवून वर दिवे लावायला. साटा वेगळा घेतो म्हणाला, त्याचं कॉफी टेबल होतं. हा धंदा खरा आहे, बैलगाडीच्या साट्यांची कॉफी टेबलं परदेशात भरपूर विकली जातात. सुटे भाग करून विकलं तर पैसे सगळ्यात जास्त. आजी शेजारीच बसली होती. याच रेंगीतून ती लग्न होऊन या घरात आली. ती एवढंच म्हणाली, “चाक इकलं तं मंग रेंगी कायची रायली बापा?”

दुसरा, शंकरपटाचा नादी. सुप्रीम कोर्टाने ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती थांबवल्या, तेव्हा आमच्या भागातले पट बंद पडले आणि पटासोबत होणारी झाडीपट्टीची नाटकंही अडचणीत आली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. त्यानंतर छकडे बनवणाऱ्यांना पुन्हा काम आलं. या माणसाला आख आणि जू हवं होतं. बाकीचं जळण, त्याच्याच शब्दात. माणूस वाईट नव्हता. गाडी चालण्यासाठी असते, असं त्याचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही.

तिसरा, बालाघाटकडचा एक शेतकरी. त्याच्या ओळखीत धाव चढवणारा आहे. त्याला रेंगी अख्खी हवी आहे आणि मुलाच्या लग्नात वरात तिच्यातून काढायची आहे. तो देतोय सगळ्यात कमी. आकडे मी सांगत नाही, घरून ताकीद आहे. पण पहिला आणि तिसरा यांच्यातला फरक आजीच्या औषधांच्या वर्षभराच्या खर्चाएवढा आहे, त्यामुळे घरात यावर शांतपणे चर्चा झाली असं म्हणता येणार नाही. माझे बाबा पहिल्याच्या बाजूने होते. वस्तू शेवटी वस्तूच, असं त्यांचं मत.

मधल्या काळात मी कायदा बघितला, म्हटलं अशा वस्तूला काही संरक्षण किंवा निदान ओळख आहे का. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नोंदणीला २०,००० रुपये. पण ते मोटार वाहनांना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्यासुद्धा अशी आहे की तो मोटार वाहनाने ओढायचा असला पाहिजे. बैलाने ओढला तर तो ट्रेलर नाही. दुसरीकडे १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांची अट घालतो. तेवढी जुनी कारागिरीची वस्तू असेल तर ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आमची रेंगी पणजोबांनी करवून घेतलेली, शंभरी भरायला अजून वर्षं आहेत. म्हणजे एका कायद्याला ती मोटार नाही आणि दुसऱ्याला पुरेशी म्हातारी नाही. त्याच २०२१ साली महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, आणि ते मी फार आशेने उघडलं. त्यात बैल अर्थातच नाहीत.

कागद एकच सापडला. ग्रामपंचायतींना १९५८ च्या कायद्याने जनावरांनी ओढायच्या गाड्यांवर कर लावता येत होता. आजोबांच्या ट्रंकेत त्या कराची पावती निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या. रेंगीचं आरसी बुक म्हणा हवं तर.

शेवटी काय ठरलं ते सांगतो. रेंगी तिसऱ्याला, अख्खी. बाबांनी मान्य केलं, पण त्यांची एक अट होती: गिऱ्हाईकाला नंतर ‘हे सांगितलं नव्हतं’ म्हणायची वेळ येऊ नये. ते काम माझ्याकडे आलं, कारण कामावर हँडओव्हर डॉक्युमेंट लिहिण्यात माझी वर्षं गेलीत. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मोठे बाबांनी दोन दिवस बसून एक वही केली. कोणती फळी जुनी, कोणती नवी. डावं चाक मूळचं, आरे सगळे नवे, धाव जुनी. उजव्या चाकाचे आरे जुने, धाव ढिली, ओझं घालून चालवू नये. आखाला मागच्या बाजूला बारीक चीर आहे, वंगणाखाली दिसत नाही, म्हणून वंगण पुसून तिचा फोटो काढला. टपाला तट्टा नाही, माप दिलेलं आहे. दांडीच्या टोकाचं पितळी फूल पणजोबांच्या वेळचं, त्याच्या खिळ्या हरवल्या आहेत, फूल कापडात बांधून साट्यात ठेवलंय. कुठलं लाकूड कुठे, हे मोठे बाबा वास घेऊन सांगत होते आणि मी लिहीत होतो. एका फळीवर त्यांचं आणि आजीचं जमलं नाही. ते साग म्हणाले, ती बीजा म्हणाली. वहीत दोन्ही लिहिलंय.

चिरेची गोष्ट ऐकून गिऱ्हाईकाने किंमत अजून थोडी उतरवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मोठे बाबांनी मात्र त्याला विचारलं, धाव चढवताना गोवऱ्या लावणार की कोळसा? तो म्हणाला, गोवऱ्या. मग सौदा झाला.

रेंगी तुळशीच्या लग्नानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून जाणार आहे. धाव चढवायच्या दिवशी मोठे बाबांना बोलावणं आहे, आणि मीही मायक्रोफोन घेऊन जाणार आहे. चाक कुरकुरतं तो आवाज मला रेकॉर्ड करायचाय. जमलं तर पुढच्या भागात ऐकवतो. तुमच्या कोठ्यात, माडीवर, आजोळी असं काही उभं असेल, दमणी, छकडा, खाचर, तर त्याला तुमच्याकडे काय नाव आहे तेवढं नक्की कळवा. भेटूया.